ठिगळांची पारख

आमच्या मेहुण्यांना दुसऱ्याच्या बाहीकडे बघायची सवय आहे. माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो, सोनार गळ्याकडे बघतो, बूटपॉलिशवाला पायांकडे. दादांची नजर मात्र खांद्याच्या शिवणीखाली चार बोटांवर जाऊन बसते. (दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले बंधू. लग्नात मला घड्याळ मिळालं आणि दादा मिळाले. घड्याळ केव्हाच बंद पडलं.) एका लग्नात मुलाकडचा एक तरुण अंगात हिरवं, फौजी थाटाचं जाकीट घालून मिरवत होता. बाहीवर वाघाचं तोंड शिवलेलं. दादांनी ती बाही दोन बोटांत धरली, उलटी केली आणि भर पंगतीत जाहीर केलं, "पॉलिएस्टर!" त्या पोराला ती शिवी वाटली. मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन मी मधे पडलो म्हणून सोयरीक टिकली.

तर दुसऱ्या महायुद्धातल्या फौजी जाकिटांच्या बाह्यांवरचे कापडी बिल्ले खरे की खोटे हे ओळखणं हा आमच्या दादांचा छंद. इंग्रजीत त्याला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे शुद्ध मराठीत ठिगळ. आमच्या लहानपणी ज्याच्या चड्डीला ठिगळ असे तो फळ्याकडे पाठ करून उभा राहायला तयार नसे. आता त्याच ठिगळासाठी लंडन-न्यूयॉर्ककडची सुखवस्तू माणसं लिलावात हात वर करतात. आमच्या आईनं लावलेली ठिगळं जपून ठेवली असती तर आज आमचा एक बंगला झाला असता. पण तिच्या ठिगळांवर गरुड नव्हता, एवढंच काय ते.

दादा परळच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात होते. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली, पण बोटांतली गिरणी गेली नाही. कापड हातात आलं की उभा धागा किती, आडवा किती, पीळ कुठल्या बाजूचा हे त्यांना जपाच्या मण्यांसारखं कळतं. मग कित्येक वर्षं हे ज्ञान बायकोच्या साड्यांवर वाया गेलं. एके दिवशी चोरबाजारात पंख्याचं कपॅसिटर शोधताना त्यांना एक गोरा पाहुणा एका जुन्या जाकिटासाठी घासाघीस करताना दिसला. दादांनी जाता जाता बाहीवरच्या बिल्ल्याला अंगठा लावला आणि दुकानदाराला म्हणाले, "मालक, हा धागा लढाईच्या वेळी जन्मालाच आला नव्हता." गोरा निघून गेला. दुकानदारानं दादांना बसवून चहा पाजला. अजूनही पाजतो. दादांनी यावं म्हणून पाजतो की पुढच्या वेळी तोंड उघडू नये म्हणून, ते मी विचारलेलं नाही.

आता हे बिल्ले असतात कशाला, तर ओळखायला आणि ओळखू न यायला. डिव्हिजनचा आकडा बाहीवर लिहिला तर शत्रूला कळणार, म्हणून आकड्याऐवजी चित्र. आपल्या चौथ्या डिव्हिजनचा काळ्यावर लाल गरुड, पाचवीचा काळ्यावर लाल गोळा, सातवीचा बाण, ब्रह्मदेशात लढलेल्या सतरावीचं काळं मांजर. गरुड दिसला की चौथी आली हे शत्रूला चार दिवसांत कळत असणारच. पण फौजेत एकदा हुकूम निघाला की निघाला. शिवाय माणसाला आकड्यावर जीव लावता येत नाही, गरुडावर लावता येतो. हा गरुड १९४० च्या डिसेंबरात सिदी बरानीला होता, १९४१ मध्ये केरेनच्या डोंगरात होता, १९४४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इटलीत कॅसिनोच्या मठाखाली होता. आजच्या भारतीय लष्कराच्या चौथ्या डिव्हिजनच्या बाहीवरही तोच आहे. आणि इथंच पारख करणाराची पंचाईत होते. पक्षी एकच, फक्त पिसं कुठल्या सालची ते सांगायचं.

खोटा बिल्ला ओळखायला दादांना दुर्बीण लागत नाही. ते आधी वास घेतात. जुनेपणा आणायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चहा. नवा कोरा बिल्ला कडक चहात रात्रभर बुडवायचा, उन्हात वाळवायचा, की सकाळी तो सत्तर-ऐंशी वर्षांचा होऊन उठतो. माणसाला तरुण करायची औषधं हजार आहेत, म्हातारं करायला अर्धा कप चहा पुरतो. पण चहा सगळीकडे सारखा चढतो आणि वय तसं चढत नाही. खरा बिल्ला वरून विटतो, पण पाठीमागे, जिथं ऊन पोचलंच नाही तिथं, रंग धरून असतो. कडेला मळ, मधे घासटलेला, पट्ट्याच्या बाजूला जास्त झिजलेला. दादा म्हणतात, "एकसारखं म्हातारं काहीच होत नाही. आपल्या सोसायटीचं रंगकाम बघ."

मग कड बघायची. त्या युद्धातल्या अमेरिकन बिल्ल्यांच्या कडा सपाट कापलेल्या असत. गोठ घातल्यासारखी जाड, फुगीर किनार यंत्रावर घालायची रीत सरसकट झाली ती १९६० नंतर. त्या किनारीचा उरलेला दोरा मागे शेपटीसारखा चिकटवलेला असतो. १९४४ चं जाकीट आणि त्यावर शेपटीवाला बिल्ला, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या मनगटावर घड्याळ. इंग्रजांकडे तर टंचाईपायी भरतकाम सोडून सुती कापडावर छापलेले बिल्लेही निघाले. ते इतके गरीब दिसतात की नवशिका त्यांनाच खोटे म्हणून बाजूला टाकतो.

त्यानंतर जाळून बघणं. एक धागा उपसायचा आणि काडी लावायची. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला टणक मणी धरतं. पॉलिएस्टर बाजारात आलं ते युद्ध आटोपल्यावर, तेव्हा मणी दिसला की खटला निकालात. हा प्रयोग दादांनी आमच्या घरात, देवघरातल्या निरांजनावर केला होता. त्या दिवशीपासून देवघराचं दार दादा आले की लावून घेतलं जातं. भावाबहिणीचं प्रेम आपल्या जागी आहे.

आणि शेवटी निळा दिवा. हल्लीच्या धाग्यात आणि धुण्याच्या पावडरीत कपडे जास्त पांढरे दिसावेत म्हणून एक द्रव्य घालतात. अतिनील दिव्याखाली ते भुतासारखं चमकतं. युद्धाच्या वेळचा धागा काळा ठिक्कर राहतो. असा दिवा विकत घ्यायची गरज नाही, तो आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नोटा तपासायच्या यंत्रात आहे. दादा पाचशेच्या नोटेच्या जागी बिल्ला सरकवतात आणि वाणी काही बोलत नाही, कारण दोघांचा धंदा एकच. फक्त घाई करू नये. बिल्ला खरा असला आणि घरच्या सुनेनं जाकीट एकदा पावडरीत बुडवलं असलं, तर सगळंच चमकतं. बाही आणि बिल्ला दोन्ही सारखे चमकले तर दोष सुनेचा. बाही काळी आणि बिल्लाच चमकला तर दोष विकणाराचा.

मला स्वतःला मौज वाटते ती आपल्या देशात झालेल्या बिल्ल्यांची. त्या युद्धात हजारो अमेरिकन सैनिक इकडे आले होते. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीचा त्यांचा बिल्ला म्हणजे ढाल, खाली लाल-पांढरे पट्टे, वर निळ्यात एका बाजूला चीनचा सूर्य आणि दुसऱ्या बाजूला भारताची चांदणी. कारखान्याचा माल यायला उशीर, म्हणून हे लोक कलकत्त्याच्या-दिल्लीच्या बाजारातल्या शिंप्याकडे जायचे. शिंपी काय करणार? त्यानं जरीत भरून दिला. सूर्याचे किरण हाताला येतील तेवढे, चांदणी जराशी पोटाळलेली, ढाल नवरदेवाच्या शेरवानीवर शोभेल अशी. आज अमेरिकेतले शौकीन कारखान्यातल्या बिनचूक बिल्ल्यापेक्षा या बाजारू बिल्ल्याला जास्त मोजतात. चुकांना मोल चढणारा हा एकच धंदा मला माहीत आहे.

पण पुढं ऐका. जगातल्या कितीतरी फौजांचे जरीचे बिल्ले आजही बनारसचे कारागीर भरतात. आजोबांनी १९४४ मध्ये भरलेला तो अस्सल, आणि नातवानं त्याच तारेनं, त्याच सुईनं, त्याच मांडीवर चौकट घेऊन भरलेला तो नकली. मी हे दादांना विचारलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तार काळी पडायला वेळ लागतो, एवढंच." गिरणीतला माणूस, त्यानं कारागिराला खोटं कधीच म्हटलं नाही. तो विकणाराला म्हणतो.

आपल्याकडचा आणखी एक पुरावा मला फार आवडतो. खाकी सुती सदऱ्यांवरचे बरेचसे बिल्ले इथं टिचबटणांनी लावलेले असत, म्हणजे कपडे धोब्याकडे टाकताना काढता यावेत. रोमेलशी जी फौज लढली, तिनं आपला गरुड धोब्याच्या दगडापासून वाचवला.

शौकीन लोकांत एक दंडक आहे. जाकीट विकत घ्यावं, त्याची गोष्ट विकत घेऊ नये. कारण प्रत्येक जाकिटाबरोबर एक आजोबा येतात, आणि विकणाराच्या तोंडून ते नेहमी पहिल्या फळीत लढलेले असतात. जगातल्या सगळ्या जुन्या जाकिटांच्या गोष्टी खऱ्या मानल्या तर त्या युद्धात भात कोणी शिजवला, ट्रक कोणी चालवले आणि टपाल कोणी वाटलं, हे कोडं उरतं. दादा हा दंडक कडक पाळत. मग तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतच एक जाकीट निघालं.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. मूळचे सातारा जिल्ह्यातले. वडील फौजेत होते, इटलीत लढले, हे त्यांनी आम्हांला इतक्यांदा सांगितलं होतं की आमच्यापैकी अर्ध्यांना इटलीचा नकाशा पाठ झाला होता. पंधरा ऑगस्टला वडिलांचं जाकीट काचेच्या पेटीत घालून खाली मंडपात ठेवायचं ठरलं. पत्रिकेचा मजकूरही तयार झाला. नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर आणि शिपाई नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, दोघेही मराठा पलटणींचे, दोन्ही पराक्रम इटलीतले. हे सगळं खरंच. पण त्याच वाक्यात पुढं स्वल्पविराम देऊन "यांच्या खांद्याला खांदा लावून" असं लिहून हेडमास्तरांनी वडिलांना बसवलं होतं. मी सहज दादांचं नाव काढलं. हेडमास्तर खूष झाले. "तज्ज्ञांचा शिक्का बसू द्या की," म्हणाले.

दादा आले. आम्ही दिवाणखान्यात बसलो. कोपऱ्यात पलंगावर हेडमास्तरांच्या मातोश्री, नव्वदी ओलांडलेल्या, भिंतीकडे तोंड करून निजलेल्या. सगळी बिल्डिंग त्यांना आजी म्हणते आणि सगळी बिल्डिंग समजते की त्यांना ऐकू येत नाही.

जाकीट आलं. जाडी खरखरीत लोकर, आखूड कमरेचं, आतल्या खिशाला लेबल आणि सरकारी बाणाचा शिक्का. डाव्या बाहीवर लाल गरुड. उजव्या बाहीवर काळं मांजर.

दादांनी मांजराला नुसता अंगठा लावला. "हे कोणी लावलं?"

हेडमास्तरांचा नातू, इंजिनिअरिंगला असलेला, दारात उभा होता तो लाल झाला. एक बाही मोकळी दिसत होती, म्हणून त्यानं मागवून घेतलं होतं. अमेरिकन जाकिटांवर डावीकडे हल्लीची तुकडी आणि उजवीकडे जिच्याबरोबर युद्ध पाहिलं ती, अशी रीत असते, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं. रीत अमेरिकेची, जाकीट इंग्रजांचं, डिव्हिजन ब्रह्मदेशातली आणि आजोबा इटलीत. मांजराला जाड फुगीर किनार होती, मागे शेपटी होती, आणि ते शिवलेलं नव्हतं, इस्त्रीनं चिकटवलेलं होतं.

"ठीक आहे, मांजर सोडा," हेडमास्तर म्हणाले. "गरुड?"

दादांनी बाही उलटी केली. खिडकीजवळ गेले. चष्मा वर, चष्मा खाली. गरुडाच्या पंखाला कसरीनं खाल्लेलं एक भोक होतं, आणि बाहीला बरोबर त्याच्याखाली तेवढंच भोक. म्हणजे कसर लागली तेव्हा गरुड तिथंच होता. खालचा रंगही तपासला. गरुडाच्या कडेशी लोकर न विटलेली, त्याच आकाराची. "गरुड खरा," दादा म्हणाले. हेडमास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू गरुड मीच आणला होता.

"फक्त एक आहे सर," दादा पुढं म्हणाले. "घाडग्यांची पलटण दहाव्या डिव्हिजनमध्ये होती. जाधवांची आठव्या. हा गरुड चौथीचा. खांद्याला खांदा लागायला जरा लांब पडतं."

हेडमास्तरांनी खिशातून पेन काढून पत्रिकेतला स्वल्पविराम खोडला. आयुष्यभर दुसऱ्यांची शुद्धलेखनं तपासलेला माणूस, पण हात थोडा कापला. मला वाटलं आता संपलं. पण दादा बाही सोडेनात. टाके बघत होते. मी पण बघितले. मला ते दिसलेच नाहीत, आणि तीच गोष्ट होती. शिपायानं स्वतः शिवलेल्या बिल्ल्याचे टाके ओळखू येतात, मोठे, आडवेतिडवे, घाईचे, पुन्हा सुटू नयेत म्हणून चार गाठी. इथं टाका कापडाच्या आत बुडवलेला, एकासारखा एक, आतून बघितलं तरी फक्त टिंब. मग दादांनी छातीचा पल्ला उलटला. आतल्या बाजूला, हृदयाच्या जागी, गंजाचे बारीक ठिपके होते. ओळीनं. वीस-पंचवीस.

दादांनी पल्ला परत मिटला आणि माझ्याकडे पाहिलं. मला उशिरा कळलं. सुया खोचायची जागा होती ती.

आम्ही दोघं काही बोललो नाही. हेडमास्तर विचारीत होते, "काय? रक्त आहे का?" आणि त्यांच्या आवाजात अशी आशा होती की मी जर तिथं एकटा असतो तर हो म्हटलं असतं. दंडक गेला खड्ड्यात. आपल्या बापाच्या जाकिटावर रक्त निघावं असं वाटणाऱ्या सत्तरीच्या माणसाला मी 'गंज' हा शब्द ऐकवला नसता. दादा मात्र साचेखात्यातले. त्यांनी घसा साफ केला. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"सुया हाईत त्या. मालकांच्या."

आजी उठून बसल्या होत्या.

"शिंपी हुते पलटणीत. आन् काय. तुज्या चुलत्यानं गावात बंदूक सांगितली, मग ह्ये गप ऱ्हायले. सायबाची विजार ढिली झाली तरी ह्यास्नीच हाक, आन् शिपायाची बाही फाटली तरी ह्यास्नीच." हेडमास्तर म्हणाले, "आई, तू कधी बोलली नाहीस." त्या म्हणाल्या, "तू कवा इचारलंस? तू सांगतच हुतास."

मग थोडं थांबून त्या दादांकडे वळल्या. या माणसाला कळेल असं त्यांना वाटलं असावं. "त्या मठाच्या डोंगराखाली माणसं रोज कमी व्हायची. नवी यायची, कोरी बाही घिऊन. रातच्याला कंदिलाशी बसून नव्यांच्या बाहीवर गरुड लावायचे. मोजायचे म्हनं. आज अकरा लावलं, आज तीस लावलं. त्यावरनं कळायचं, वर काय झालं ते. आकडा माज्यापाशी बोलले न्हाईत कवा. पन झोपंत मोजायचे."

पंख्याचा आवाज येत होता. हेडमास्तरांनी जाकीट मांडीवर घेतलं, पल्ला उलटला आणि ते ठिपके एकेक करून मोजायला लागले. दादा खिडकीबाहेर बघत होते.

पत्रिका पुन्हा छापली. आता तिच्यात एकच ओळ होती. "चौथी डिव्हिजन, इटली १९४४. पलटणीचे शिंपी." जाकीट पेटीत उलटं ठेवलं होतं, आतली बाजू वर. बघायला आलेली पोरं विचारायची की हे उलटं का, आणि नातू त्यांना सुयांची भोकं दाखवायचा.

मांजर काही निघालं नाही. दादांनी खाली जुनं वर्तमानपत्र धरून, वरून गरम इस्त्री फिरवून दोन दुपारी खटपट केली. धड सुटलं, पण मागच्या बाजूचा डिंक लोकरीत असा मुरला होता की कान आणि अर्धी मान तिथंच राहिली. आजी पलंगावरून ते सगळं बघत होत्या. "ह्यांनी शिवलं असतं तर उसवता आलं असतं," म्हणाल्या.